दीपगृहवाल्यांचे पॉइंट

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत निवृत्त हेडमास्तर नाकावर लोखंडी चौकट चढवून बसले होते आणि चष्मेवाला त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे एकामागून एक भिंग सरकवत विचारत होता, "हे बरं, की हे?" हा प्रश्न तो इतकी वर्षं विचारत आला होता की झोपेतही विचारत असे, बायकोने एकदा तशी तक्रारही केली होती. बाहेर काउंटरवर दोन फोन शेजारीशेजारी पडलेले असत, एक त्याचा आणि एक तिचा. त्यातला तिचा वाजला. वाजला म्हणजे हौदात खडा पडावा तसा एकदाच 'डुबुक' झाला. ती गेल्या थंडीत गेली. फोन मात्र तो रोज सकाळी दुकान उघडलं की इमानेइतबारे चार्ज करायचा, उदबत्ती लावावी तसा, आणि त्याचं बिलही भरायचा. तो बाहेर गेला, चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागला. "प्रिय मॅडम, आम्हांला आपली उणीव भासते आहे. या महिनाअखेर आपले सर्व पॉइंट रद्द होतील. या, आपली खोली आपली वाट पाहते आहे." खाली दीपगृहाचं छोटं चित्र. तो परत आत आला, भिंग काढलं, घातलं, आणि म्हणाला, "हे बरं, की हे?" हेडमास्तरांनी पुष्कळ विचार केला. "आधीचं बरं होतं," ते म्हणाले. भिंग एकच होतं.

त्याने हेडमास्तरांना काही सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाला असं सांगू नये. पण ते गेल्यावर तो त्याच खुर्चीत बसून राहिला आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत राहिला, जो त्याला पाठ असल्यामुळे त्याची स्वतःची नजर कशी आहे हे त्याला कधीच कळलं नव्हतं. उणीव भासते आहे. हे शब्द त्याने थंडीत इतक्यांदा ऐकले होते की शेवटी शेवटी तो समोरच्याचं वाक्य मनात आधीच पूर्ण करून टाकायचा आणि मग नुसता ते संपण्याची वाट पाहायचा. तिच्या ऑफिसातले, वरच्या मजल्यावरचे, लांबची एक आत्या, सगळ्यांना उणीव भासली. तेराचौदा दिवस भासली आणि मग त्यांना आपापली कामं आठवली. त्यात त्यांचं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. दीपगृहवाल्यांना मात्र अजून भासत होती. दर महिन्याला, न चुकता, ठरलेल्या तारखेला भासत होती.

ती रक्त तपासायची यंत्रं बसवून द्यायची. महिन्यातले निम्मे दिवस गावोगावच्या दवाखान्यांत, आणि रात्री हॉटेलांत. त्या धंद्याची एक रीत होती: यंत्र बसवून झालं की पहिला थेंब बसवणाऱ्याचा. दवाखान्यातले डॉक्टर, नर्सबाया गोल करून उभ्या राहतात, आपण स्वतःच्या बोटाला सुई टोचायची, थेंब द्यायचा, आणि कागद बाहेर आला की म्हणायचं, "बघा, चालतंय." तिच्या डाव्या हाताची बोटं त्यामुळे शिंपिणीसारखी खरखरीत झाली होती. जगातल्या कुठल्याही माणसाचं रक्त इतक्यांदा तपासलं गेलं नसेल, असं ती म्हणायची. हॉटेलं तिने तीन कंपन्यांची धरली होती आणि त्यांची नावं तिला कधी लक्षात राहिली नाहीत. चिन्हांवरून ती त्यांना हरणवाले, छत्रीवाले आणि दीपगृहवाले म्हणायची, जणू ती तीन सासरकडची घराणी होती. "आज हरणांकडे आहे," ती फोनवर सांगायची. "हरणांचा साबण ह्या वेळेस अगदीच पापडासारखा." तो घरी. दुकान, घर, दुकान. गावाबाहेर जायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही. डोळे दाखवायला लोक आपणहून येतात.

ती गेल्यावर एकेका ठिकाणाहून तिला काढायचं काम त्याच्याकडे आलं. बँकेत गेला, पेन्शनवाल्यांकडे गेला, वाचनालयात गेला. वाचनालयातल्या बाईंनी तिच्या नावावरचं पुस्तक मागितलं आणि दंड माफ केला, तेव्हा त्याला रडू आलं होतं, बँकेत आलं नव्हतं. प्रत्येक खिडकीवर तो तोच कागद सरकवायचा आणि पलीकडचा माणूस तो वाचून चेहरा बदलायचा आणि शिक्का मारायचा. शिक्का बसला की ती तिथून गेली. अशी ती दहाबारा वेळा गेली. हॉटेलवाल्यांकडे मात्र खिडकी नव्हती, म्हणून राहून गेलं. आणि मग राहून गेलं म्हणून राहू दिलं. त्यांच्या दृष्टीने ती कुठेतरी दुसरीकडे राहत होती. त्यांना जरा राग आला होता, पण ती येईल अशी आशा होती.

रविवारी दुपारी मेहुणा आला. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ; धंदा फरश्यांचा, पण बुद्धी सगळी पॉइंटांत. विमानांचे, हॉटेलांचे, पेट्रोलचे, कुठलेही पॉइंट कुठे वळवले म्हणजे त्यांना सर्वांत जास्त किंमत येते हे त्याला तोंडपाठ, आणि या विद्येच्या जोरावर तो आजवर एकदा बायकामुलांना घेऊन फुकट समुद्रावर जाऊन आला होता, भर पावसाळ्यात. चष्मेवाल्याने त्याला फोन दाखवला. मेहुण्याने बहिणीचा फोन हातात घेतला, नुसता धरला, आणि मग एकदम व्यवहाराचं बोलू लागला.

"भावोजी, आधी एक समजून घ्या. सगळे पॉइंट सारखे नसतात."

"पॉइंट तो पॉइंट."

"तसं नव्हे. नाव एक, मोल वेगळं. ताई आणि मी, आईबाप एक, पण अक्कल? तसंच. हरणवाले पॉइंट चुरमुऱ्यासारखे उधळतात, पण खोली घ्यायला जा, पोतंभर लागतात. दीपगृहवाले हात राखून देतात, पण त्यांच्या एका पॉइंटात हरणवाल्यांचे सहा बसतात. छत्रीवाल्यांचं तर बोलूच नका. त्यांचे पॉइंट कधी मरत नाहीत." तो थांबला. "म्हणजे, रद्द होत नाहीत. पण त्यांच्याकडे खोली कधी रिकामी नसते. अमर आणि बिनकामाचे."

"मग दीपगृहवालेच बरे?"

"ताईला कळत होतं. तिने सगळ्यात जास्त तिथेच साठवलेत." मेहुण्याने कागद मागितला, मग कागदाशिवायच हवेत बोटाने हिशेब केला. "आता तुमच्यापुढे दोन वाटा. एक, त्यांना कळवायचं. कागद पाठवायचा. पॉइंट तुमच्या नावावर येतील, ताईचं खातं बंद. आणि दर्जा जाईल, हे लक्षात ठेवा. ताई त्यांच्याकडे सर्वांत वरच्या पायरीवर होती. पायरी वारशात मिळत नाही. तुम्ही तळाला."

"आणि दुसरी?"

"दुसरी गुपचूप. तिच्या खात्यातून एक रात्र घ्यायची. खात्यात हालचाल दिसली की बाकीचे पॉइंट आणखी दोन वर्षं जगतात. मग पुन्हा एक रात्र. असं शंभर वर्षं चालेल."

"ती शंभरीच्या पुढे गेली की त्यांना संशय नाही येणार?"

"ते वय बघत नाहीत, भावोजी. पॉइंट बघतात."

चष्मेवाल्याला कागद नको होता, तळ नको होता, खरं म्हणजे पॉइंटही नको होते. त्याला ती दोन वर्षं हवी होती. एवढ्या मोठ्या जगात एका जागी का होईना ती अजून वरच्या पायरीवर उभी आहे, तिची खोली तिची वाट पाहते आहे, हे मोडायला त्याचा हात धजेना. आणि महिना संपायला आला होता. "पण आत शिरायचा परवलीचा शब्द?" त्याने विचारलं. मेहुण्याने विचारही न करता टाइप केला आणि खातं उघडलं. "आमच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव," तो म्हणाला. "ताईला दुसरं काही सुचायचंच नाही." आणि नाक शिंकरायला म्हणून मोरीकडे गेला. बराच वेळ तिथेच होता.

गाव कुठलं घ्यायचं हा प्रश्न नव्हता. दीपगृहवाल्यांच्या एका हॉटेलात ती सर्वांत जास्त राहिली होती. तिथल्या मोठ्या दवाखान्यातलं यंत्र सारखं बिघडायचं. आणि ती खोली चष्मेवाल्याला घरच्यापेक्षा जास्त माहीत होती. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो तिला फोन लावायचा आणि जेवलीस का, काम झालं का, हे झाल्यावर विचारायचा, "काय दिसतंय?" धंद्याची सवय. हरणांकडून कधी गोदाम दिसायचं, कधी पेट्रोलपंप. तिथे ती एका वाक्यात आटपायची. पण दीपगृहवाल्यांच्या त्या खोलीतून नदी दिसायची. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नुसती नदी होती. मग पलीकडच्या काठावर एक माणूस आला, टोपीवाला, आणि त्याच्याबरोबर एक पिल्लू. माणूस पिल्लाला पोहायला शिकवायचा आणि पिल्लू पाण्यात पाय घालायला तयार नसायचं. पुढच्या खेपेला पिल्लू गुडघाभर पाण्यात गेलं. मग एकदा चक्क पोहलं, तेव्हा ती इतकी हसत होती की त्याला बराच वेळ नीट ऐकूच आलं नाही. वर्षं गेली, कुत्रा वयात आला, जाड झाला, टोपीवाल्याचं लग्न झालं असावं, कारण काठावर एक बाईही येऊ लागली, ती कुत्र्यावर ओरडायची. चष्मेवाला हातात पावाचा तुकडा धरून, ओट्याला टेकून, उभ्यानेच हे सगळं ऐकायचा. तू जेवलास का, असं तिने विचारलं की "अगदी पोटभर" म्हणायचा. ताटबिट मांडून एकट्याने जेवायचं म्हणजे तमाशा वाटायचा त्याला. आणि मग, तिचं आजारपण कळायच्या थोडं आधी, शरद ऋतूत, तिने एका संध्याकाळी सांगितलं की कुत्रा मेला. टोपीवाला एकटाच येऊन बसलाय, म्हणाली. त्या दिवशी त्याला पावही गेला नव्हता.

दुकानावर पाटी लावून तो निघाला. बसमध्ये शेजारच्या माणसाने कामानिमित्त का, असं विचारलं तेव्हा "बायकोच्या कामाला" असं म्हणून गेला. हॉटेल बसस्थानकापासून जवळच होतं, करड्या रंगाचं, दारावर दीपगृह. काउंटरवरची मुलगी तरुण होती, केस घट्ट बांधलेले, आणि तिने पडद्यावर नाव पाहताच तिचा चेहरा उजळला, तसा चेहरा चष्मेवाल्याला पाहून कोणाचा उजळल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"अय्या, मॅडम! किती दिवसांनी. बऱ्या आहेत ना? मागून येतायत?"

"हो," चष्मेवाला म्हणाला. किती सोपं होतं. "मागून."

"त्यांचीच खोली दिलीये बघा. आम्ही कोणाला देत नाही त्या येणार असल्या की." तिने दोन कार्डं दिली, एक त्याचं, एक मॅडमचं. तो लिफ्टमध्ये शिरला आणि वर जाता जाता त्याच्या लक्षात आलं की त्याने केस विंचरलेत आणि नवा सदरा घातलाय. लग्नाच्या आधी तिला भेटायला जाताना करायचा तसं. ह्या वयात, आणि तेही माणूस नसताना.

खोली चांगली होती. दोन उशा, दोन पेले, दोन कप, दोन कागदी सपाता. टेबलावर कार्ड: मॅडम, आपलं पुन्हा स्वागत. खिडकीपाशी एक खुर्ची, तिची पाठ दाराकडे. तो सामान ठेवून, हात धुवून, मुद्दाम सावकाश खिडकीपाशी गेला आणि त्याने पडदा ओढला.

भिंत होती. हात लांब केला असता तर लागली असती इतकी जवळ, शेजारच्या इमारतीची बिनगिलाव्याची भिंत, तिच्यावर गार हवेच्या यंत्रांचे गंजलेले डबे आणि खाली उतरत गेलेला एक पाइप. त्याने डावीकडे मान वाकडी केली, उजवीकडे केली. खोली चुकली असेल म्हणून दारावरचा आकडा पाहून आला. मग खाली फोन लावला.

"नदीकडची खोली नाहीये का ही?"

"नदी?" मुलीला प्रश्न कळेना. "आपल्याकडे नदी नाहीये, साहेब. तलाव आहे एक, बसने जावं लागतं. आता आटलाय पण. मॅडमना नेहमी हीच लागते, शांत म्हणून."

तो खुर्चीत बसला. दुपारचं ऊन भिंतीच्या वरच्या कडेवर होतं, खाली येत नव्हतं. पहिल्यांदा त्याला राग आला, आणि राग कोणाचा हे न कळून तो टोपीवाल्याचा आला. म्हणजे इतकी वर्षं आपण कोणाची काळजी करत होतो? कोणाच्या बायकोचा स्वभाव तिरसट आहे म्हणून हळहळत होतो? मग राग निवला आणि त्याची जागा दुसरंच काहीतरी घेऊ लागलं. दिवसभर यंत्राच्या पोटात हात घालून आल्यावर, अंग मोडून आलेलं असताना, ह्या खुर्चीत, ह्या भिंतीपुढे बसून तिने कुत्रा केला होता. नुसता केला नाही. त्याला वाढवला, भित्रा केला, धीट केला. घरी कोणीतरी ओट्याला टेकून उभा आहे आणि त्याला काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणून. आणि तिकडून तो "अगदी पोटभर" म्हणत होता, आणि ते तिला खरं वाटत होतं की नव्हतं, कोण जाणे. दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षं नदी आणि जेवण पुरवलं. दोन्ही बाजूंना भिंत आणि पाव.

पण मग तिने कुत्रा का मारला? हे त्याच्या डोक्यात आलं तेव्हा तो हातात घेतलेला कप बघत होता, आणि तो त्याने हळूच खाली ठेवला. चांगला चाललेला कुत्रा. अजून चारपाच वर्षं सहज चालला असता. गोष्टीतला कुत्रा काही आपणहून मरत नाही. त्या शरदातली ती खेप त्याने आठवून पाहिली. यंत्र दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं म्हणून नवं बसवायला ती आली होती. नवं यंत्र. म्हणजे सगळे गोल करून उभे. म्हणजे तिने बोटाला सुई टोचली असणार, थेंब दिला असणार, कागद बाहेर आला असणार, आणि इतक्यांदा स्वतःचे आकडे पाहिलेल्या बाईला तो वाचायला डॉक्टर लागला नसणार. "बघा, चालतंय," असं ती म्हणाली असेल. मग इथे आली असेल. बसली असेल. आणि त्याचा फोन आला असेल, जेवलीस का, काम झालं का, काय दिसतंय.

घरी तिने सांगितलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी, सांधे दुखतात म्हणून दाखवायला गेले होते, अशी सुरुवात करून.

तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता. ऊन भिंतीवरून वर सरकत सरकत निघून गेलं. त्याने दिवा लावला नाही, जेवण मागवलं नाही, पलंगाच्या एका कडेला, आपल्या घरच्या बाजूला, आडवा झाला आणि दुसऱ्या बाजूची उशी तशीच गुबगुबीत राहिली.

सकाळी खाली न्याहारीला त्याच्यासाठी दोघांचं टेबल मांडलेलं होतं. वाढणाऱ्याने दोन अंडी आणली, दोन पेले रस, आणि आदबीने विचारलं की मॅडमचा चहा थोड्या वेळाने आणू का. चष्मेवाला म्हणाला, थोड्या वेळाने आणा. त्याने आपलं अंडं खाल्लं. समोरच्या रसाच्या पेल्यावर साय धरावी तसा फेस जमला, मग बसला. दोन वर्षांनी पुन्हा यायचं. मग आणखी दोन वर्षांनी. दर वेळी केस विंचरून यायचं आणि मागून येतेय म्हणून सांगायचं, आणि मधल्या सगळ्या काळात ती इथे वरच्या पायरीवर, म्हणजे कुठे, तर त्या खुर्चीत, त्या आकड्यांच्या कागदाबरोबर. आपण तिला जिवंत ठेवायला निघालो होतो खरे. कुठे ठेवायला निघालो होतो ते पाहिलं नव्हतं.

तो उठून काउंटरकडे गेला. मुलीने दोन्ही कार्डं घेतली.

"मॅडम आल्याच नाहीत का हो? मी ड्यूटीवर असून भेट नाही झाली."

"ती गेली," चष्मेवाला म्हणाला. "गेल्या थंडीत."

मुलीचा हात यंत्रावरच राहिला. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, साहेब आत आहेत का ते, आणि आवाज खाली आणला. "काका, हे मला सांगू नका."

"का?"

"मी लिहिलं की खातं आत्ता बंद होतं. आणि तुम्ही रात्र घेतलीत ती त्या गेल्यानंतरची. मग ती धरत नाहीत. कालचे पैसे रोख भरावे लागतील तुम्हांला, तेही आयत्या वेळच्या दराने. उरलेले पॉइंट मागायला अर्ज करायचा, ते सहा महिने बसवून ठेवतात आणि नाही म्हणतात. मी बघितलंय. तुम्ही गप घरी जा, सगळे संपवा, मग कळवा. मी काही ऐकलं नाही."

"तू ऐकलंस," तो म्हणाला. "लिही."

"अहो, पुष्कळ आहेत. निदान आठवडाभर राहता येईल कुठेही. वाया जातील."

"जाऊ देत, बाळ. तिला इथून मोकळी कर."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग लिहू लागली. बराच वेळ लागला. पडदा सारखा काहीतरी विचारत होता आणि ती उत्तरं देत होती. शिक्का नव्हता, तरी शेवटी एक कळ तिने जरा जोरात दाबली, आणि ओठ आत घेतले. बिल आलं. आकडा पाहून मेहुणा काय म्हणेल याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला. बहुधा काही म्हणणार नाही, मोरीकडे जाईल. त्याने पैसे मोजून दिले. मुलीने पावती त्याच्या नावाने केली, घडी घालून पाकिटात घातली, आणि आपल्याला आणखी काहीतरी करता आलं पाहिजे असं वाटून म्हणाली,

"काका, तुमच्या नावाने नवीन खातं उघडून देऊ का? फुकट असतं. पहिल्या पायरीपासून सुरू होईल, पण वाढतं हळूहळू."

चष्मेवाल्याने पिशवी खांद्याला लावली.

"नको," तो म्हणाला. "मी घरीच असतो."